उबदार नोव्हेंबर

टोरगायच्या माळावर थंडीला कुणी भीत नाही. थंडी घरचीच आहे. पारा कितीही खाली गेला तरी घोडा खुरानं बर्फ उकरतो, खालचं वाळकं गवत खातो आणि अंगावर केस वाढवून वसंतापर्यंत तग धरतो. भीती असते ती उबेची. नोव्हेंबरात हवा मऊ पडली, पहिल्या बर्फावर पाऊस झाला आणि मागोमाग कडाका आला, की सगळ्या माळावर काच पसरते. खाली गवत दिसतं, पण घोड्याच्या तोंडी लागत नाही. याला आमच्याकडे झुत म्हणतात. श्रीमंताला एक झुत पुरे आणि शूराला एक बाण, ही म्हण इथं पोरंसोरंही जाणतात.

केंजेतायचं आयुष्य ही झुत आधी ओळखण्यात गेलं. त्याचा बाप हिवाळा ओळखायचा, आजा ओळखायचा, आणि पणजाबद्दल तर घरात इतक्या गोष्टी होत्या की त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर चंद्र त्याला विचारूनच उगवत असावा. दर महिन्याला एका रात्री चंद्र कृत्तिकांजवळून जातो. तो त्यांच्या अलीकडून गेला की पलीकडून, त्या रात्री वारा कुठला होता, चंद्राला खळं होतं का, हे सगळं ध्यानात ठेवायचं. त्यात माळावरच्या उंदरांनी बिळं कुठं केली, हंस कधी गेले, घोडे वाऱ्याला तोंड करून उभे राहतात की पाठ, हे मिसळायचं, आणि ऑक्टोबराच्या शेवटी लोकांना सांगायचं की येणारा हिवाळा कसा आहे. यात पैसा नव्हता. कुणी मांसाचा तुकडा आणून द्यायचा, कुणी नुसताच चहा पिऊन जायचा.

सरकारी शेत होतं त्या काळात केंजेताय तिथं घोडे राखायचा. तिथला साहेब सभेत या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणायचा आणि दर ऑक्टोबरात 'घोडे बघायला' म्हणून एकटाच माळावर यायचा. घोड्यांकडे बघायचा नाही, आभाळाकडे बघत म्हणायचा, "मग? काय म्हणतात तुझ्या बाया?"

त्या बायांवरून, म्हणजे कृत्तिकांवरून, बायको कुलपाशनं त्याला जन्मभर टोचलं. "सवत एक असती तर मी भांडले असते," ती म्हणायची, "सहा सहा जणींशी काय भांडू? आणि त्याही कधी स्वयंपाकाला हात लावायच्या नाहीत."

खरं सांगायचं तर केंजेताय चुकायचाही. दोनदा खरं ठरलं की तिसऱ्यांदा हमखास फजिती. एका वर्षी त्यानं भयंकर हिवाळा सांगितला, लोकांनी मेंढ्या विकून टाकल्या आणि फेब्रुवारीत पोरं बिनटोपीची खेळत होती. पुढं वर्षभर लोक त्याला बघून कोटाची बटणं उघडायचे. तो हसायचा. टीव्हीवाला चुकतो, मोबाइलवालाही चुकतो, मग म्हाताऱ्यानंच काय पाप केलंय, असं म्हणून लोक पुढच्या ऑक्टोबरात परत यायचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी उन्हाळा कोरडा गेला. गवत घोट्यापर्यंतही वाढलं नाही. ज्यांच्या दारात दरवर्षी गवताच्या चार गंजी लागायच्या त्यांच्याकडे एक लागली, आणि तीही बुटकी. टीव्हीवर बाईनं हसत सांगितलं, उत्तरेच्या मैदानात हिवाळा 'साधारण' राहील. साधारण म्हणजे काय हे तिनं सांगितलं नाही.

केंजेतायला मात्र त्या ऑक्टोबरात काहीच आवडेना. चंद्र कृत्तिकांना भेटला त्या रात्री त्याला ओलं, जाड खळं होतं आणि वारा नैर्ऋत्येचा होता. उंदरांनी बिळं सखल जागा सोडून उंचवट्यांवर केली होती. महिना संपत आला तरी माळावरच्या दवण्याला पुन्हा हिरवे धुमारे फुटत होते. त्याच्या बापानं त्याला असा शरद एकदाच दाखवला होता, आणि त्यानंतरच्या वसंतात वाऱ्याला नुसता हाडांचा वास होता.

"पाऊस येणार," तो कुलपाशला म्हणाला. "बर्फावर."

कणीक मळता मळता ती थांबली. "खात्री आहे?"

"खात्री कसली असते गं? पण मला तसं दिसतंय."

"मग व्याह्यांना सांगा. आजच सांगा. त्यांचा सगळा जीव त्या घोड्यांत आहे."

"त्यासाठीच तर चाललोय."

व्याही म्हणजे ओरालबाय. शेजारच्या गावचा, मोठ्या आवाजाचा, मोठ्या कळपाचा माणूस. शंभराच्या आसपास घोडे, त्यात बहुतेक घोड्या. केंजेतायची एकुलती एक मुलगी बाल्झान त्याच्या धाकट्या मुलाला, येरझातला, दिली होती. मुलगा मनानं लोण्यासारखा. सासरा वाईट नव्हता, पण बिनघोड्याच्या घरची सून आणली हे शल्य त्याला होतं आणि ते तो लपवायचा नाही. "अगं, तुझ्या बापाचे घोडे आभाळात चरतात," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि स्वतःच खदाखदा हसायचा. बाल्झान मान खाली घालून चहाच्या समोवारात कोळसे टाकायची. सहा वर्षं ती हे ऐकत होती.

त्या दिवशी ओरालबायनं मेंढा कापला होता. दोन दिवसांनी येरझात कळप घेऊन लांबच्या हिवाळी कुरणावर जाणार होता, म्हणून गाव जेवायला बोलावलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांसाच्या कारखान्याची मोठी गाडी यायची होती. अर्ध्या घोड्या विकायच्या की नाही, हे ठरायचं होतं. दुष्काळामुळे सगळेच विकत होते, त्यामुळे भाव पडलेला. विकल्या तर नुकसान ठरलेलं. ठेवल्या आणि हिवाळा बरा गेला, तर वसंतात दुप्पट.

केंजेतायला मानाच्या जागी बसवलं. मेंढ्याचं शिजवलेलं डोकं त्याच्यासमोर ठेवलं. ओरालबाय बाह्या सरसावत म्हणाला, "व्याहीबुवा, आज नुसतं खाऊन सुटका नाही. उद्या गाडी येतेय. तुम्ही सांगाल तसं करणार. बोला!"

सगळी पंगत त्याच्याकडे वळली. केंजेतायनं डोक्याकडे बघितलं. आता हे बाहेरच्या माणसाला पटायचं नाही, पण आमच्याकडे मानाचं ताट पुढ्यात असताना अशुभ बोलत नाहीत, आणि व्याह्याच्या घरी तर मुळीच नाही. अन्न बाटतं म्हणतात. मरणाची बातमीसुद्धा लोक आधी जेवू देतात आणि मग आडवळणानं सांगतात.

"जेवू तर द्या," केंजेताय म्हणाला. "उपाशी माणसाला आभाळ काळंच दिसतं."

लोक हसले. त्यानं डोक्याचा कान कापून नातीच्या, बाल्झानच्या लेकीच्या, हातात दिला, गालाचं मांस वाढलं, आणि मनाशी ठरवलं की जेवण झालं, पंगत उठली, की ओरालबायला गोठ्यामागं घेऊन जायचं आणि सरळ सांगायचं.

पण जेवण झालं आणि पंगत उठण्याआधी ओरालबायनं दोन्ही तळवे वर धरले. त्याचं बघून सगळ्यांनी धरले. जेवणानंतर थोरानं दुवा द्यायची असते, आणि तिथं केंजेतायहून थोर कुणी नव्हतं. दुवेत वाईट कसं म्हणणार? दुवा म्हणजे मागणं. माणूस देवाकडे वाईट हिवाळा मागतो का? केंजेतायनं हात पुढं केले आणि त्याच्या बापानं शिकवलेले शब्द तोंडातून आपोआप निघाले. "हिवाळा मऊ येवो. बर्फ खुराएवढा पडो. गवत उघडं राहो. या दारातून जेवढी शिंगरं गेली त्याच्या दुप्पट परत येवोत."

"आमीन!" ओरालबाय गर्जला. तळवे तोंडावरून फिरवले आणि त्याच हातानं फोन काढला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? अहो, यांच्या तोंडून असं निघालं म्हणजे झालंच! हॅलो! हां, उद्या गाडी आणू नका. नाही म्हणजे नाही. एक शेपूटही विकायचं नाही मला!"

केंजेतायनं तोंड उघडलं. तेव्हाच ओरालबाय समोवाराकडे वळून म्हणाला, "सूनबाई, बापाला चहा दे. असा बाप असल्यावर घोडे कशाला हवेत माहेरी! तुझा बाप म्हणजे शंभर घोड्यांचा धनी आहे."

बाल्झाननं वर बघितलं. तिचा चेहरा असा उजळला की केंजेतायला ती लहानपणची, पहिल्यांदा एकटीनं घोड्यावर बसलेली पोर आठवली. त्यानं तोंड मिटलं. उद्या सकाळी सांगू, तो मनाशी म्हणाला. जन्मभर आभाळाला न भ्यालेला माणूस मुलीच्या एका हसण्याला भ्याला.

सकाळी त्यानं सांगितलं, पण सांगितलं ते बाल्झानला. ती गोठ्यात गाय पिळत होती.

"बाल्झान, काल मी दुवा दिली. अंदाज नाही सांगितला. मला पाऊस दिसतोय, पोरी. बर्फावर पाऊस."

तिचे हात थांबले. "मग त्यांना सांगा ना."

"कसं सांगू? दिलेली दुवा मागं घेऊ? सगळ्या गावासमोर आमीन म्हणालेत ते. तू येरझातला सांग. हळूच सांग."

"मी?" बाल्झान उभी राहिली. "मी काय सांगू? माझा बाप एक बोलतो आणि त्याच्या मनात दुसरंच असतं? बाबा, काल पहिल्यांदा त्या माणसानं मला माणसात धरलं." तिनं बादली बाजूला सरकवली. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही चुकता ना कधीकधी?"

"चुकतो."

"मग या वेळी चुका."

तो चुकला नाही.

नोव्हेंबराच्या सुरुवातीला भुरभुर बर्फ पडला, अगदी दुवेत मागितला होता तेवढा, खुराएवढा. ओरालबायनं फोन करून व्याह्याचं अभिनंदन केलं. मग हवा मऊ झाली. बायांनी गोधड्या उन्हात टाकल्या. आणि मग नैर्ऋत्येकडून ढग आले आणि पाऊस लागला. बारीक, संथ, दिवसभराचा पाऊस. केंजेताय अंगणात उभा राहिला तो आत येईना. कुलपाशनं डोक्यावर पोतं घेऊन त्याला ओढत आत आणलं. ती टोचणारी बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, आणि त्याला तेच सहन होईना.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं, आणि त्यानंतर जो कडाका आला तो मार्चपर्यंत हलला नाही.

येरझात कळपाबरोबर लांबच्या कुरणावर होता. घोड्यांनी आधी नेहमीचा भुसभुशीत बर्फ उकरतात तसा खुरानं तो काचेसारखा थर उकरायचा प्रयत्न केला. थर फुटला की त्याच्या कडांनी पायांच्या नळ्या कापल्या जायच्या. कळप जिथून गेला तिथं रक्ताचे ठिपके राहायचे. मग घोडे उकरायचे थांबले. मग एकमेकांची शेपटं आणि आयाळी खाऊ लागले. येरझातनं कुऱ्हाडीनं थर फोडला, जेवढा दिवसभरात फुटेल तेवढा, आणि त्यातून निघालेलं मूठमूठ गवत शिंगरांना दिलं. गवत विकत मिळत नव्हतं, कारण कुणाकडेच नव्हतं. गाडी बोलावली तर रस्ता काचेचा, येणार कशी? कारखान्यालाही आता हाडकुळ्या घोड्या नको होत्या. जानेवारीत गावचे लोक येरझातला आणायला गेले तेव्हा तो एका मेलेल्या घोडीच्या आडोशाला बसला होता. त्याच्या डाव्या पायाची बोटं काढावी लागली. शंभरातले वीसही घोडे दारात परत आले नाहीत.

ओरालबायचा मोठा आवाज गेला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि मधूनच विचारायचा, "त्यांना दिसलं नसेल का रे? इतक्या वर्षांचा जाणता माणूस. त्यांना दिसलं असेल आणि ते बोलले नसतील, असं होईल का?" उत्तर त्या घरात एकट्या बाल्झानकडे होतं. ती चूल सारवत असायची.

फेब्रुवारीत बाल्झान माहेरी आली. कोट न काढताच बसली.

"बाबा, त्यांना सांगा की तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं."

"का?"

"ते रोज विचारतात. सगळ्यांना विचारतात. उद्या त्यांना कळलं की तुम्हाला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक होतं..." तिनं दार लोटलेलं आहे ना ते बघितलं. "येरझात लंगडत चालतो, बाबा. माझ्या खांद्यावर हात ठेवून चालतो. मी त्याला सांगितलं असतं तर त्याला बोटं असती. तो मला घरात ठेवील? तुम्ही नुसतं म्हणा की मला यातलं काही कळत नाही. म्हाताऱ्या माणसाला काही कळत नाही यात काय लाज आहे? त्याला लोक माफ करतात."

कुलपाश चुलीपाशी बसली होती. तिचं तोंड फटकळ, पण मन सरळ. ती म्हणाली, "अगं, आभाळ बघण्यात त्यांचा जन्म गेलाय. त्यांच्या बापाचा, आजाचा जन्म गेलाय."

"आणि माझा?" बाल्झान म्हणाली.

केंजेताय तिच्याबरोबर गेला. त्यानं ओरालबायच्या पलंगाजवळ बसून सांगितलं, "व्याहीबुवा, मला काही दिसलं नव्हतं. मला कधीच काही दिसत नाही. माझ्या बापालाही दिसत नव्हतं. चंद्र येतो आणि जातो, आम्ही आपलं तोंडाला येईल ते सांगतो. खरं निघालं तर मिरवतो."

ओरालबाय उठून बसला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं केंजेतायचा हात दोन्ही हातांत धरला. "सुटलो," तो म्हणाला. "मग ही देवाची करणी. देवाशी कोण भांडणार? मला वाटत होतं तुम्हाला दिसलं होतं. तसं असतं तर, व्याहीबुवा, तुमचा आणि या पोरीचा चेहरा मी जन्मात बघितला नसता."

तो भोळा माणूस. जे त्याला हलकं करून गेलं ते त्यानं गावभर सांगितलं, रागानं नव्हे, प्रेमानं. की बघा, केवढा मोठा माणूस, या वयात कबूल केलं. गावानं कबुली मान्य केली. कुणी चिडवलं नाही, कुणी कोटाची बटणं उघडली नाहीत. पुढच्या ऑक्टोबरात केंजेतायच्या दारात कुणी आलं नाही एवढंच. कुलपाशनं पाहुण्यांसाठी तळलेल्या गोल पुऱ्या शिळ्या झाल्या. तिनं त्या कोंबड्यांना घातल्या.

केंजेतायनं मनाशी ठरवलं होतं की आता वर बघायचं नाही. पण जी मान साठ वर्षं वर राहिली ती खाली कशी राहील? त्यानं बघितलं. चंद्राला जाड, ओलं खळं होतं. वारा नैर्ऋत्येचा होता. उंदीर पुन्हा उंचवट्यांवर गेले होते. दोन वर्षं लागोपाठ असं होत नाही म्हणतात, पण आभाळानं ते ऐकलेलं नसतं.

या वेळी तो थांबला नाही. जेवण नको, दुवा नको. तसाच जाऊन ओरालबायच्या अंगणात उभा राहिला. येरझात एका पायावर भार देऊन खोगिराचा पट्टा शिवत होता. उरलेल्या घोड्या कुंपणात होत्या, त्यांतल्या निम्म्या गाभण.

"ओरालबाय, विकून टाक," केंजेताय म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं व्याह्याला एकेरी हाक मारली. "आहेत तेवढ्या विकून टाक. बर्फावर पाऊस येतोय. येरझातला माळावर पाठवू नकोस. मी पाया पडतो तुझ्या."

ओरालबायनं त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "व्याहीबुवा, असं काय करता? तुम्हीच नाही का सांगितलंत, आम्ही तोंडाला येईल ते बोलतो म्हणून? एवढ्या घोड्या राहिल्यात. या विकल्या तर आम्ही खायचं काय? गेल्या वर्षीचं तुमच्या मनात बसलंय, दुसरं काही नाही."

"गेल्या वर्षीही मला दिसलं होतं!"

हे बोलून तो दचकला. येरझातची सुई थांबली. त्यानं वर बघितलं, केंजेतायकडे नाही, बायकोकडे. बाल्झान दारात उभी होती, हातात दुधाची बादली. तिनं एकदा बापाकडे बघितलं. बापाच्या नजरेत काय मागणं होतं ते तिला कळलं होतं, आणि एका शब्दानं ती ते देऊ शकली असती.

"मनावर घेऊ नका," ती सासऱ्याला म्हणाली. "बाबांचं आता वय झालंय. आई पण म्हणत होती, हल्ली काहीही बोलतात."

येरझात पुन्हा पट्टा शिवू लागला. ओरालबायनं मान हलवली आणि म्हाताऱ्याला घरी सोडायला शेजाऱ्याची गाडी मागवली. गाडी येईपर्यंत केंजेताय बाकावर बसून राहिला. हवा उबदार होती. कुंपणापाशी गावातले दोघंजण कोट काढून उभे होते आणि एकमेकांना म्हणत होते की यंदा थंडी उशिरा येणार, बरं झालं, गेल्या वर्षी फार सोसलं.